वाचणारी दाढ

…ट्रेमध्ये दाढ पडली आहे – लीलाबाईंची, खालची, वरून किडलेली पण दोन्ही मुळं धट्टीकट्टी. म्हणजे निघाली एकदाची. बरं, नाही निघाली असं धरू. डॉक्टर प्रीतमनं तसंच धरलं: दाढ अजून जबड्यात आहे, लीलाबाई अजून खुर्चीत आहेत, बाहेर राजापेठेतल्या स्कूटरी बोंबलताहेत, आणि तो एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणतोय, "काकू, ही वाचते. रूट कॅनल करू, वर कॅप बसवू."

"तुमाले त तेच म्हना लागते ना बापा," लीलाबाई म्हणाल्या. रागानं नाही, शेंदूरजन्याच्या बाजारात संत्र्याच्या व्यापाऱ्याला म्हणावं तसं, सवयीनं.

त्याचे कान तापले. कारण दाढ वाचवणं खरंच बरोबर होतं, आणि फायदाही नेमका त्यातच होता… आधी काय सुचलं आपल्याला, दाढ की महिनाभर रिकामी पडलेली ही खुर्ची – हे पाहायला तो मनात शिरला, तर तिथं नेहमीप्रमाणे बाबा उभे. बडनेऱ्याचे तिकीट तपासनीस बुधाजी, काळ्या कोटात, भर डब्यात सख्ख्या मेव्हण्याला दंड करताना. मामाकडे तिकीट होतं. "असू दे," बाबा म्हणाले होते, "लोक पाहून राहिले." घरात याला प्रामाणिकपणा म्हणत.

"काढू या मग," प्रीतमचं तोंड म्हणालं, आणि हात, जे तोंडापेक्षा शिकलेले होते, तेही मुकाट आधी भुलेच्या सुईकडे, मग चिमट्याकडे गेले. दाढ यायला तयार नव्हती. विचार बदलायला तिनं भरपूर वेळ दिला. थांबू का मी? पण आता थांबलो तर म्हणतील, पाहा, लोभ सुटत नाही…

लीलाबाई कापूस चावत उठल्या. "लय इमानदार डॉक्टर भेटला बापा. वाचवाच्या भानगडीत पडलाच नाही. आमच्या इकडच्या साऱ्या बाया धाडतो तुमच्याकडं. सांगतो, बिनधास्त काढून देते."

म्हणजे खुर्ची भरणार होती. वाचणारी दाढ होती हो काकू, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं.

लीलाबाईंनी त्या उघड्या तोंडात डोकावून पाहिलं. "तुमची बी एक काढाले झाली," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दाढ ट्रेमध्येच होती. त्याच्या डोक्यात, बाबांच्या वळणदार सरकारी अक्षरात, अर्ज आपोआप उमटत गेला: सदर दाढ केवळ अर्जदाराच्या अब्रूखातर सेवेतून कमी करण्यात आली असून, सेवाखंड न मानता तिला पूर्वीच्याच जागी तत्काळ रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.