माझी विजेची सवत

मित्रांनो, मी द्राक्षवेलींची छाटणी करणारी एक जुनी कात्री आहे. स्वभावाने मी मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्याशा लोखंडाच्या पोटात एवढी जळजळ मावली तरी कशी!

माझा जन्म जपानातल्या कोफू शहरात, एका लोहाराच्या भट्टीत झाला. चियोको तेव्हा नुकतीच लग्न होऊन कात्सुनुमाच्या द्राक्षमळ्यात आली होती. नवरा तिला घेऊन लोहाराकडे आला. लोहाराने ओल्या मातीचा गोळा तिच्या हातात ठेवला.

"दाब बघू, पोरी. चांगला घट्ट."

तिने दाबला. उमटलेले ठसे पाहून म्हातारा हसला. "ही मूठ आहे की चिमणीचं घरटं?"

त्या ठशांवरून त्याने माझे दांडे वळवले. त्यामुळे मी दुसऱ्या कुणाच्या हातात नीट बसतच नसे. एकदा तिच्या नवऱ्याने मला वापरून पाहिलं, तर त्याच्या अंगठ्याला हा मोठा फोड आला. मला इतका आनंद झाला, की काय सांगू!

आमच्याकडे वेली मांडवावर चढवतात. थंडीत पानं गळून गेली, की चियोको मान वर करून मांडवाखाली उभी राही. कोणती काडी राखायची, कोणती काढायची, कुठे किती डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे, हे ती क्षणभर निरखी आणि मग मला मिटी. कट्! काडी अलगद खाली पडे. शेजारच्या मळ्यातले फुरुया काका कुंपणापलीकडून ओरडत, "चियोको वहिनी, कात्री आहे की न्हाव्याचा वस्तरा?" मला वाटे, हे सारं कौतुक माझंच.

तिचा नवरा अकाली गेला, त्या हिवाळ्यातही ती छाटणीला चुकली नाही. रडत रडत काड्या कापत होती. तिला आता माझ्याशिवाय कोणी नाही, असं तेव्हा माझ्या मनाने घेतलं. सायो नावाची लहान मुलगी होती म्हणा. पण मुलीला कोणी दिवसभर मुठीत धरतं का?

ती सायो मोठी झाली आणि कोफूच्या विद्यापीठात द्राक्षशेती आणि वाइन शिकायला गेली. पुढे तिला एखाद्या मोठ्या वाइनरीचा मळा सांभाळायचा होता. दर रविवारी ती घरी येई आणि तोंडाचा पट्टा सुरू करी. मातीचे थर कसे ओळखायचे, मण्यांतली साखर कशी मोजायची, खोड आतून कुजायला लागलं तर बाहेरून कसं कळतं! आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाला, "असं सर म्हणतात."

"सर जेवतात का गं कधी, की नुसतेच म्हणतात?" एकदा चियोकोने विचारलं.

सायो हसली. चियोको हसली नाही. मला तिचं मन कळलं. जी मुलगी आपल्या पाठीवर बसून मळा शिकली, तिच्या तोंडी आता दुसऱ्याच कुणाचं नाव! आम्ही दोघी तेव्हा एकाच आगीत जळत होतो. फरक इतकाच, की माझी खरी आग अजून पेटायची होती.

ती जानेवारीत पेटली. सायो सुट्टीला आली, तेव्हा तिच्याजवळ एक विजेची कात्री होती. काळी, चकचकीत, कमरेला बॅटरी बांधून वापरायची. नुसतं एक बोट हलवलं, की भुण्ण् करून जाडजूड काडीचे दोन तुकडे! फुरुया काका लगबगीने कुंपणाशी आले. "वा! वा! ही तर वाघीण आहे!"

मला ते कधी वाघीण म्हणाले नव्हते.

त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या माझ्या खिळ्यावर तिला टांगलं गेलं आणि मला खालच्या एका उघड्या पत्र्याच्या डब्यात, तुटक्या चिमट्यांशेजारी जागा मिळाली. मित्रांनो, सवत घरात आली म्हणजे काय होतं, ते मला विचारा! तिची बॅटरी फुटावी, तिच्या पात्याला गंज चढावा, असे शाप मी डब्यातून देत होते. तिला एकही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मांडवाखाली गेल्या. चियोकोने मलाच उचललं होतं. मी सुखावले.

"आई, ही खोडाजवळची काडी राखू या ना," सायो म्हणाली. "वेल दरवर्षी लांब लांब पळत जाते. तिला मागे आणायला हवं. सर म्हणतात—"

"तुझे सर आले होते का ही वेल लावायला?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

"तुझ्या बाबांनी लावली ही. आणि छाटली मी. तेव्हा कुठे होते तुझे सर?"

"आई, प्रत्येक गोष्टीत भांडण काढतेस तू!"

"बरं बाई. तू तिकडची बाजू छाट, मी इकडची छाटते. जा, घेऊन जा तुझं ते भुणभुणणारं भूत!"

मी मनात टाळ्या पिटल्या. आज दाखवतेच सवतीला, म्हटलं. चियोकोही जिद्दीला पेटली होती. कट्, कट्, कट्! पलीकडून भुण्ण्, भुण्ण्! चियोको थांबेना. सायोने जेवायला हाक मारली तरी थांबेना. जाड काडीवर तिने मला दोन्ही हातांनी दाबलं, आणि मी आणखी चेव येऊन चावले.

दुपार उलटली आणि एकाएकी आमचा आवाज बंद पडला. काडी अर्धी कापलेली होती. चियोकोची मूठ माझ्यावर मिटली ती उघडेचना. तिने दुसऱ्या हाताने बोटं सोडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ती गपकन खोडाशी खाली बसली आणि मूठ अंगरख्यात लपवली.

आवाज थांबलेला ऐकून सायो आली.

"काय झालं?"

"काही नाही. जरा टेकले."

"हात दाखव."

"काही नाही म्हटलं ना!"

"आई, हात दाखव!"

सायोने ती मूठ मांडीवर घेतली आणि तिच्यातून मला सोडवायला एकेक बोट उघडू लागली. प्रत्येक बोटाला चियोको ओठ चावत होती. सायोने हातमोजा काढला, तर सांध्यांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. त्या नव्या नव्हत्या. खाली जुन्या होत्या, त्यांच्याखाली आणखी जुन्या.

"कधीपासून?" सायोने विचारलं.

"तू शिकायला गेलीस, त्याच्या आधीपासून. सांगितलं असतं, तर गेली असतीस का तू?"

सायोने हात सोडला नाही. मग चियोकोच म्हणाली, "मला तुझ्या सरांचा हेवा वाटतो गं. मला वाटायचं, तुला सगळं मीच शिकवीन. पण हे हात..."

सायो डोळे पुसून उठली आणि विजेची कात्री घेऊन आली. "धरून बघ."

"मला नको."

"बघ तरी! दुकानात होती त्यातली सगळ्यांत लहान मुठीची शोधून आणली. माझ्या हाताला ती लहानच होते. ही तुझीच आहे, आई."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर घेतली असतीस?"

चियोकोला हसू फुटलं. रडताना फुटलेलं हसू फार वेडंवाकडं दिसतं. मी मातीत पडून ते पाहत होते आणि माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

चार दिवस हाताला विश्रांती देऊन चियोको पुन्हा मळ्यात गेली. मी डब्यात होते. भुण्ण् असा आवाज दिवसभर येत होता आणि मी दिवसभर जळत होते. संध्याकाळी ती घरी आली आणि भोपळा घातलेलं शेवयांचं गरम कालवण घेऊन बसली. तिने एका हातात वाटी घेतली, दुसऱ्या हातात जेवायच्या दोन काड्या घेतल्या आणि शेवया उचलून तोंडात घातल्या. सायो पाहतच राहिली. मीही. छाटणीच्या दिवसांत चियोको वाटी ओंजळीत धरून नुसती तोंडाला लावत असे. मला वाटे, तिला कालवण तसंच आवडतं.

आता सायोचं शिक्षण पुरं झालं आहे. दरीपलीकडच्या एका वाइनरीचा सारा मळा ती सांभाळते, आणि तिथल्या छाटणीला चियोको सवतीला कमरेला बांधून ऐटीत जाते. वर्षातून एकदा ती मला तेल देते आणि पुन्हा डब्यात ठेवते. माझा मत्सर गेला का? नाही हो. अजूनही तो आवाज आला, की माझी स्प्रिंग ताठ होते. पण शाप द्यायचं मी सोडलं आहे.

मित्रांनो, हत्यारांना धार लावा, तेल द्या, पावसात टाकून देऊ नका. आमचा तेवढा हक्क आहे. पण तुमच्या घरी कोणी दिवसभर राबून आलं, तर आधी त्याचे हात हातात घेऊन पाहा. तो स्वतः सांगणार नाही. आणि आम्हा हत्यारांच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. मी इतकी वर्षं त्या मुठीतच होते, तरी मला कळलं नाही.