न जमलेली जांभळी शाल

रंगाच्या दुकानात मला सगळे 'डोळा' म्हणतात. फुटकी फरशी आणा, पडद्याची चिंधी आणा, हुबेहूब तोच रंग डब्यात घोटून देतो. चाळीस वर्षांत एकदाच हात टेकले, तेही हिच्यापुढे.

ही हातमागावर विणायची. लग्नाआधी एकदा स्वतः विणलेली जांभळी शाल घेऊन दुकानात आली. म्हणाली, "खोलीच्या भिंतीला अस्साच रंग हवा." मी तांबड्यात निळा घोटला, पांढरा घातला. शालीशेजारी सगळं मेल्यासारखं दिसे. तीन दिवस ती रोज आली आणि माझी फजिती बघून गेली. चौथ्या दिवशी आली नाही, तर मलाच चैन पडेना. शेवटी मीच तिच्या घरी गेलो, डबा न घेता. पुढे संसारात एखादं भांडण मी जिंकत आलो की ती हमखास म्हणायची, "राहू द्या, तुम्हाला माझी शाल काही जमली नाही."

दोन वर्षांपूर्वी ही गेली. शालीला कसर लागली होती. चार बोटांचा तुकडा तेवढा उरलाय.

आता लेक आईचं चित्र काढतेय, खांद्यावर तीच शाल. चित्र कसलं, गोवर उठल्यासारखे नुसते ठिपके! लेक म्हणते, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही चित्रकार असंच करायचे. रंग मिसळायचे नाहीत, सुटे शेजारी-शेजारी ठेवायचे. मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्याचं.

"म्हणजे कामचुकारपणा," मी म्हणालो.

चेहरा झाला, हात झाले. शालीची जागा मी मागून घेतली होती. हिच्या हयातीत हरलो, आता हरलो तर कायमचाच.

एकवीस डबे घोटले. एकविसावा बरा वाटला, म्हणून लेक बाजारात गेलेली पाहून मी चित्रातली अख्खी शाल रंगवून टाकली. हिच्या खांद्यावर चिखल पडल्यासारखं दिसायला लागलं. मला तर रडूच कोसळलं.

लेक आली. ओरडली नाही. भिंग माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, तो तुकडा बघ जरा."

केसाहून बारीक धागे. उभा तांबडा, आडवा निळा. जांभळा कुठेच नाही! काखेत कळसा, आणि मी इतकी वर्षं गावाला वळसा घालत होतो.

तिनं माझा चिखल खरवडला. मग दोघं बसलो. एक ठिपका तांबडा, एक निळा. दोन्ही घोटायला माझे हात शिवशिवत होते. लेक दटावत होती. दुपार टळली तेव्हा तिनं मला दंडाला धरून दारापर्यंत मागे नेलं.

शाल जांभळी झाली होती. तीच.

"जमली गं!" मी ओरडलो, आणि दुसऱ्याच क्षणी काहीतरी टोचलं. "पण ही शाल तर हिनंच विणलेली."

"मग?"

"म्हणजे धागे तिला ठाऊक होते. हा रंग डब्यात होणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"असणारच की."

"मग ती तीन दिवस कशाला आली होती?"

लेक कुंचले पुसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली, अगदी तिच्या आईसारखी.

"डोळा म्हणे!" ती म्हणाली.