पारशिवनीचा फोन

"मिक्सर फेरे जास्त मारते म्हणून ऊस काय मिक्सरात घालता, मॅडम?" चंपतरावांनी विचारलं. गार्गी मॅडम नुसत्या हसल्या. एरवी त्या वाद घालत. हे हसणं चंपतरावांना रुचलं नाही.

सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीतलं जुनं मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढा संगणक, चंपतराव सांभाळत. शेजारी गार्गी मॅडमच्या ताब्यातले नवे सर्व्हर आले होते. प्रोसेसरच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला किती फेरे त्याच्या, तक्त्यात मेनफ्रेम तळाला होतं, आणि तक्त्यावर चंपतरावांचा विश्वास नव्हता. शेवटी ठरलं, दोघांना एकच काम द्यायचं: सगळ्या ठेवींचं व्याज काढायचं, तेही शाखांचं काम चालू ठेवून. मेनफ्रेम हरलं तर ते भंगारात आणि चंपतराव कर्जवसुलीला. पंगतीत कोणी किती जिलब्या उचलल्या हे ध्यानात ठेवणारा हा माणूस. उतारवयात दारोदार फिरणं त्याच्या कोणत्याच हिशेबात बसत नव्हतं.

म्हणून शर्यत सुरू होताच त्यांनी गुपचूप मेनफ्रेमवरचं शाखांचं काम थांबवलं. बैलगाड्यांच्या शंकरपटात कोणाचं लक्ष नसताना छकडी हलकी करावी, तसं.

आता फोन येणार. पारशिवनी शाखेचे कृष्णकांत तर मशीन जरा अडखळलं की आईबाप काढत. 'लाइन गेली' हे उत्तर चंपतरावांनी तोंडात तयार ठेवलं होतं.

मेनफ्रेम जिंकलं, पण थोडक्यात. मॅडमनी आकडा टिपला, पुन्हा हसल्या आणि चहा सांगितला.

फोन काही वाजला नाही. चंपतरावांनी रिसीव्हर उचलून पाहिला. सूर येत होता. चहा निवला. मग त्यांनीच पारशिवनीला फोन लावला.

"कृष्णकांतभाऊ, काम चालू आहे ना गा?"

"मस्त चालू आहे. गर्दी आहे, बोला लवकर."

"अडकलं नाही कुठं?"

"काहून अडकते? पोळ्यापासून आम्ही साऱ्या शाखा नव्या मशीनवर आहो. तुमच्याकडं नुसती कॉपी येते. मॅडमनं तुम्हाले सांगतलं नाही का?"

चंपतरावांनी रिसीव्हर हळूच ठेवला. म्हणजे साऱ्या शाखांचा भार ओढत पळालं होतं ते नवं मशीन. आणि जिंकली होती रिकामी छकडी.

दारातून मॅडम म्हणाल्या, "चंपतराव, थांबवलेलं काम चालू करून टाका आता. सावकाश करा. घाई नाही."

त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक शाखा चालू करायला घेतली. पारशिवनी सगळ्यात आधी.