बाहेरचं कुलूप

तीन दिवस झाले, बिझुनेशच्या घराकडून कॉफी भाजल्याचा वास आला नव्हता.

अस्कालेनं सकाळपासून फाटकापर्यंत वीस खेपा घातल्या. घालून उपयोग काय, फाटकाला बाहेरून कुलूप होतं. कोरोना आला तसं तिच्या मुलानं, यारेडनं, ते लावलं आणि किल्ली खिशात टाकून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. "आई, तुझा काही भरवसा नाही. कुणी कॉफीला बोलावलं की निघालीस!" दर शनिवारी पीठ-भाजी फाटकावरून आत द्यायचा, लांबूनच दोन शब्द बोलायचा आणि पळायचा. करत होता मायेनंच. पण मायेनं लावलं तरी कुलूप ते कुलूपच.

तीस वर्षं अस्कालेची कॉफी म्हणजे गुलेले वस्तीतल्या त्या गल्लीचं घड्याळ. चारला वास सुटला की बायका न बोलावता यायच्या, आणि तिसरा पेला, आशीर्वादाचा, घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही. कुलूप पडलं त्या दिवशी तिनं कॉफीचं मडकं फळीवर ठेवून दिलं. एकटीनं कॉफी पिणं हे चोराचं काम.

शेजारच्या बिझुनेशला मात्र कसली लाज नव्हती. तीही एकटीच, पण रोज भाजायची. "निर्लज्ज बाई!" म्हणत अस्काले नाक मुरडायची आणि रोज चारला तिच्याच कुंपणाशी स्टूल टाकून बसायची. त्या वासावर तर दिवस निघत होते.

आता तोही नाही.

हाका मारून झाल्या. पण बिझुनेशला कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं, आणि फोन तिच्याकडे नव्हताच. यारेडला फोन केला तर म्हणाला, "झोपली असेल, आई." तीन दिवस झोपते का कुणी? न्हाणीत पडली असेल तर? अस्कालेनं कुंपणाच्या पत्र्यावर काठी बडवली. बसवेना, उभं राहवेना.

मग तिला सुचलं. बाईचे कान गेलेत, नाक शाबूत आहे. गल्लीच्या टोकाला डाळ करपली तरी पहिली बोंब हिचीच.

तिनं शेगडी कुंपणाला भिडवली, कोळसे फुलवले, घरात होत्या नव्हत्या तेवढ्या कॉफीच्या बिया तव्यावर ओतल्या आणि शालीनं वारा घालत बसली. बिया तपकिरी झाल्या, काळ्या झाल्या, तिनं उतरवल्या नाहीत. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिनं मुद्दाम कॉफी करपवली.

फाटकावर धडाधड थापा पडल्या.

अस्काले धावली. फटीतून पाहिलं तर बिझुनेश, नखशिखांत काळ्या कपड्यांत.

"मरियम माते! कोण गेलं गं?" अस्काले फटीला तोंड लावून तिच्या कानाशी ओरडली.

"तू!" बिझुनेश हुंदका देत म्हणाली.

"मी?"

"मग काय! धूर नाही, तोंड दिसत नाही, फाटकाला बाहेरून कुलूप. जित्या माणसाला कुणी बाहेरून कुलूप लावतं का? तीन महिने रोज भाजत होते, म्हटलं वास तुझ्यापर्यंत जाईल, आज ना उद्या तुझाही येईल. मंगळवारी दवाखान्याची गाडी गल्लीत आली. म्हटलं, नेलं बिचारीला. मग कुणासाठी भाजू?"

"रडलीस?"

"तीन दिवस. आणि तू इथं बिया जाळत बसलीस, मेले!"

अस्कालेला बरं वाटलं, इतकं बरं की लाज वाटली. तिच्यासाठी कुणी रडलं होतं. तिनं त्याच बिया कुटल्या, कॉफी केली, पेले फाटकाखालून सरकवले. बिझुनेश बाहेर दगडावर बसली. कॉफी कडू विष झाली होती. दोघींनी तिन्ही पेले संपवले.

शनिवारी यारेड आला. "काय हवं, आई?"

"किल्ली."

"अगं, बाहेर साथ आहे. मरशील!"

"मेले की एकदा. तिला विचार."

यारेडनं वळून पाहिलं. दगडावर बिझुनेश पेला घेऊन बसली होती, अजून काळ्या कपड्यांतच. तो जवळ गेला, तिच्या कानाशी ओरडला, "आई ठणठणीत आहे ना, मावशी! हे काळं का अजून?"

"कुलूप निघालं की काढीन," बिझुनेश म्हणाली आणि शांतपणे घोट घेतला.

यारेडनं खिशात हात घातला.