झाकण उचलणारी ताई

त्या प्रयोगशाळेत दोघी बहिणी होत्या आणि थोरली धाकटीची साहेब होती. असलं नशीब वैऱ्याचंही असू नये, असं धाकटी तिच्या तोंडावर म्हणायची. शेगडीवरच्या भांड्यांची झाकणं उचलून बघायची थोरलीची लहानपणची खोड गेली नव्हती. फक्त आता तिला पांढरा कोट आणि मोठी खुर्ची मिळाली होती.

धाकटी पेरोव्हस्काइट नावाच्या अर्धवाहकाचे स्फटिक वाढवायची. शिसं-आयोडीनचा पातळ थर, त्यावर सेंद्रिय रेणूंचा थर, पुन्हा शिसं-आयोडीन, असे पापुद्रेच पापुद्रे. गरम आम्लात सगळं विरघळवायचं आणि सावकाश निवू द्यायचं. मध्येच झाकण उघडलं की द्रावण झटकन गार होऊन नुसती नारिंगी भुकटी पडायची. ताईने दोनदा पाडली होती.

"मी फक्त बघितलं गं."

"मांजरही दुधाकडे फक्त बघतं."

या खेपेला दुसऱ्याच दिवशी मोजणीच्या यंत्रावर धाकटीची पाळी होती. ती हुकली, तर प्रबंध वर्षभर रखडणार होता. म्हणून तिने खरी बाटली तेलाच्या गरम भांड्यासकट काचेच्या कपाटात, डब्यांमागे दडवली. पुढे मांडली ती नुसत्या पिवळ्या आम्लाची.

ताई दिवसभर येऊन झाकण उचलत राहिली.

"अजून काहीच नाही. तुझा हात चालत नाही का?"

"तुझा चालतोय तेवढा पुरे."

सकाळी डब्यांमागून नखाएवढा नारिंगी स्फटिक निघाला.

"म्हणजे काल मी आम्ल बघत होते?"

"हो. अगदी भक्तिभावाने."

हातमोजे चढवून ताईने चिकटपट्टी स्फटिकावर दाबली.

"ताई, हात लावू नकोस," धाकटी म्हणेपर्यंत पट्टी वर आली होती.

वरचा पापुद्रा पट्टीला चिकटून आला, आम्लाच्या डागांनी धुरकटलेला. खालचा भाग आरशासारखा लखलखत होता. अतिनील दिवा धरताच तो हिरवागार उजळला. तुटेल या भीतीने धाकटी स्फटिक तसा डागाळलेलाच यंत्राखाली ठेवणार होती. मोजणीत नुसते डागच दिसले असते.

"असल्या स्फटिकाला सोलायचं असतं," ताई म्हणाली. "बघत बसायचं नसतं."

हे हिने म्हणावं. धाकटीला हसूही येईना, रागही येईना. तिने स्फटिक डबीत घातला आणि दाराशी थांबली.

"चल यंत्रावर. पण डबीचं झाकण मी उघडणार."