चाप आपोआप सुटला नाही

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे, पाण्याखाली मासे मारायची, हाताने घडवलेली. आणि मी रागावलेली आहे, आधीच सांगून ठेवते. काहीतरी गोडगोड ऐकायचं असेल तर उठा आणि खेळायला जा.

मला रंधेकाकांनी घडवलं. ते होड्या बांधणारे सुतार; हातातून रंधा सुटत नसे म्हणून हे नाव. खाऱ्या पाण्यात वाकू नये म्हणून सागाच्या तीन पट्ट्या चिकटवून त्यांनी माझा दांडा केला. पुढे रबर, वर पोलादी सळई, खाली चाप. सळई अडकवून धरणारे चापाचे नुसते दाते कानशीने घासायला त्यांनी चार दिवस घेतले. गिऱ्हाइकाला देताना एकच गोष्ट बजावली, "रबर पाण्यातच ओढायचं. घरात नाही, होडीत नाही, किनाऱ्यावरही नाही."

गिऱ्हाईक म्हणजे एक पाणबुडे, काकांचे जुने मित्र. एकोणीस वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. समुद्रातून आले की आधी मला गोड्या पाण्याने धुवायचे, मग स्वतः आंघोळ करायचे. "हिने मला कधी दगा दिला नाही," असं चारचौघांत सांगायचे. ते ऐकून लोक रंधेकाकांचं घर शोधत जायचे, आणि मला भारी वाटायचं.

मग पाणबुड्यांच्या घरात जावईबापू आले. उथळ पाण्याला खळखळाट फार. पोहता येत नाही, पण गप्पा शिकारीच्या. एका दुपारी पाहुण्यांसमोर त्यांनी मला भिंतीवरून उतरवलं, बैठकीतच रबर ताणलं आणि चापावर बोट ठेवून मला गोल फिरवू लागले.

"अहो, खाली ठेवा ती," असं म्हणत सासऱ्यांनी माझं तोंड पाहुण्यांपासून बाजूला सारायला हात पुढे केला. तेवढ्यात जावईबापूंनी चाप ओढला. सळई सासऱ्यांच्या तळव्यातून आरपार गेली.

दवाखान्यात जावईबापू म्हणाले, "चाप आपोआप सुटला. गावठी काम, दुसरं काय?" आणि सासऱ्यांनी मान हलवली. होय, मित्रांनो, त्यांनीच. लेकीच्या संसारात वितुष्ट नको म्हणून अळीमिळी गुपचिळी. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

गावभर बभ्रा झाला. लोक रंधेकाकांच्या बंदुका त्यांच्या दारात आणून टाकू लागले.

काका मित्राच्या घरी आले. पेचकसाने माझा चाप उघडून त्यांनी एकेक दाता नखाने चाचपला. एकही झिजला नव्हता. जावयाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मित्राला म्हणाले, "तू सांग. सुटला की ओढला?"

सासरे हाताच्या पट्टीकडे बघत राहिले. लेक दारात उभी होती. "जाऊ दे ना आता," ते पुटपुटले.

काकांनी माझे स्क्रू पुन्हा घट्ट बसवले. "तुझा हात बरा होईल," ते म्हणाले. "माझ्या हातावर आता कोण भरवसा ठेवणार?"

त्यानंतर त्यांनी एकही बंदूक केली नाही. मित्राचा हात मात्र छान बरा झाला, त्याच हाताने त्यांनी मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. जावयाचा मला राग आहेच, पण ज्यांनी एकोणीस वर्षं मला धुतलं, त्यांचा जास्त आहे.

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे नुसतं तेलपाणी करायचं नसतं. ती ज्याने घडवली, त्याच्यावर खोटा आळ आला तर तोंड उघडायचं असतं. खालच्या खोलीत माझे ते म्हातारे मालक बसले असतील. त्यांना एवढंच सांगा, रंधेकाका अजून जिवंत आहेत.