टिपटूचं क्रियापद होताना

कपड्यांवरचे केस आणि भुसकट उचलणारा चिकट रोलर विकायचा, त्यात काय एवढं? पण आमच्या गिऱ्हाइकाला नुसती विक्री नको होती. त्याला त्याच्या 'टिपटू'चं क्रियापद हवं होतं.

"लोकांनी म्हटलं पाहिजे, जरा शर्ट टिपटव!" तो म्हणाला. "तसं झालं तर पुढच्या वर्षीचं काम तुमचं. नाहीतर नमस्कार."

आमच्या छोट्या जाहिरात कंपनीचं मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच. ते गेलं की माझी नोकरी गेली, आणि मग दिराच्या फर्निचरच्या दुकानात "या, बसून बघा" म्हणत आयुष्य काढायचं. दीर चांगला आहे हो, पण त्याचे विनोद ऐकवत नाहीत.

मी कंबर कसली. घरात फर्मान काढलं, झटकणं-पुसणं हे शब्द बंद! सासूबाईंनी तर ताळतंत्रच सोडलं. "सूनबाई, पडदे टिपटव. टेबल टिपटव." मग स्वतःच्या लेकाकडे बघून, "आणि याचं डोकंसुद्धा एकदा टिपटवून घे." मला त्यांचा मुकाच घ्यावासा वाटला.

आपली जाहिरात पहिली येते का, हे बघायला आम्ही 'शर्ट कसा टिपटवायचा' असं सर्च करत बसायचो. डिझायनर करायची, हिशेबनीस करायचा, साहेब तर चहाच्या घोटाघोटाला करायचे. घरी सासूबाई आणि नणंद करायच्या, आणि नणंदेने तिच्या पोहण्याच्या क्लासलाही नादी लावलं. सर्चचा आलेख असा काही चढला, की साहेबांनी तो छापून भिंतीवर लावला. शब्द लोकांच्या तोंडी बसला! आम्ही आनंदाने खुर्च्यांवर बसून गरागरा फिरलो.

कराराच्या दिवशी टिपटूचा मालक आला तो वकील बहिणीला घेऊन. आलेख बघून तो खुलला. ताईंचा मात्र चेहरा उतरला.

"अरे वेड्या, शब्द सगळ्यांचा झाला तर उद्या कोणीही आपल्या रोलरवर 'टिपटवा' छापेल. नाव हातचं जाईल! ही जाहिरात बंद कर, आजच्या आज."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर राबून आम्ही आमच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. शब्द नेमका कुठे कुठे पोचलाय ते तरी बघू, म्हणून मी घाईघाईने सर्चचा नकाशा पडद्यावर उघडला.

नकाशावर तीनच ठिपके होते. आमचं ऑफिस, आमचं घर आणि पोहण्याचा तलाव.

मला हसू आवरेना. "ताई, घाबरू नका," मी डोळे पुसत म्हणाले. "लोक कुठले? सगळे आम्हीच!"

ताईंनी हुश्श केलं. मालक मात्र लालबुंद झाला. "म्हणजे बाहेर एक माणूस हा शब्द म्हणत नाही? मग करार कसला करताय?" तो कोट उचलून उठलाच. माझ्या डोळ्यांपुढे दिराच्या दुकानातले सगळे सोफे उभे राहिले.

नाव वाचलं म्हणून ताई खुशीत होत्या. कागद पिशवीत भरता भरता त्या भावाला म्हणाल्या, "जाऊ दे रे, चल. आणि आधी तो कोट टिपटव, मांजराचे केस बघ किती लागलेत."

त्यांनी झटकन तोंडावर हात दाबला. तो हात खाली यायच्या आत मालकाने करारावर सही ठोकली होती.